पंच्याहत्तर वेळा गप्प

निवडणूक जवळ आली की दोन वाक्यं हमखास कानावर पडतात. एक : "मिलिटरीतला माणूस आहे, शिस्तीचा असणार." दुसरं : "त्याच्याकडे आधीच बक्कळ पैसा आहे, तो कशाला खाईल?"

मला या दोन्ही वाक्यांची धास्ती वाटते. ती उच्चारली की बोलणं तिथेच संपतं. पुढचं कुणी विचारत नाही. आणि मत देण्याआधीच विचारणं थांबलं, तर मतदाराच्या हाती फक्त शाई लावायचं बोट उरतं.

ही दोन्ही वाक्यं एकाच उमेदवाराला लागू पडली तर काय होतं? त्यासाठी फ्लोरिडाला जाऊ. साल २०१०. उमेदवार रिक स्कॉट : माजी नौसैनिक, अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या रुग्णालय कंपनीचे माजी प्रमुख, आणि गव्हर्नरपदाचे इच्छुक.

*

आधी पदाचा अर्थ नीट लावू. आपल्याकडे राज्यपाल राष्ट्रपती नेमतात. अमेरिकेतला गव्हर्नर लोक निवडून देतात. त्याचं काम आपल्या मुख्यमंत्र्याच्या जवळचं. खर्चाचा आराखडा तो मांडतो, विधेयकावर सही करतो किंवा ते परत पाठवतो. राज्याच्या नॅशनल गार्डचा सेनापतीही तोच. वादळ आलं, पूर आला, तर त्या जवानांना बाहेर काढण्याचा हुकूम त्याच्या सहीने निघतो.

म्हणजे सैन्यातला अनुभव तिथे निव्वळ छातीवर मिरवायचा नाही, तो उपयोगी पडू शकतो. कोट्यवधींचे हिशेब सांभाळल्याचा अनुभवही उपयोगी पडू शकतो. हे मी मनापासून मान्य करतो. माझं भांडण अनुभवाशी नाही. अनुभव सांगून मत मागायचं आणि त्या अनुभवाचा हिशेब मात्र द्यायचा नाही, याच्याशी आहे.

*

स्कॉट यांची सुरुवात कुणालाही आदर वाटावा अशी आहे. जन्म १९५२ चा. घरची गरिबी. सावत्र वडील ट्रक चालवायचे. लहानपणीचा काही काळ सरकारी वसाहतीत गेला. मुलगा नौदलात गेला, 'ग्लोव्हर' या जहाजावर रडार तंत्रज्ञ झाला आणि २९ महिने नोकरी करून बाहेर पडला. माजी सैनिकांना शिक्षणासाठी मिळणाऱ्या सरकारी मदतीवर कॉलेज केलं. शिकता शिकता डोनटची दुकानं चालवली. मग कायद्याची पदवी, मग वकिली.

पुढे १९८० च्या दशकाच्या अखेरीस भागीदारीत कोलंबिया ही रुग्णालय कंपनी काढली. पहिली दोन रुग्णालयं टेक्सासातल्या एल पासो शहरात. दहा वर्षांत विलीनीकरणं करत करत तिची कोलंबिया-एचसीए झाली. १९९७ मध्ये तिच्याकडे ३४० च्या वर रुग्णालयं होती आणि सुमारे २ लाख ८५ हजार कर्मचारी. प्रमुखाचं वय ४४.

ट्रक ड्रायव्हरच्या घरातून इथवर येणं सोपं नाही. ज्या सरकारी वसाहतीने डोक्यावर छप्पर दिलं आणि ज्या सरकारी पैशाने शिकवलं, त्यांचाही या चढणीत वाटा आहे. तो लक्षात ठेवा. पुढे लागेल.

*

मार्च १९९७ मध्ये एल पासोत तपास यंत्रणांनी झडत्या घेतल्या. जुलैत आणखी अनेक राज्यांत घेतल्या. त्याच महिन्यात स्कॉट यांनी राजीनामा दिला.

घोटाळा नेमका काय होता, हे समजून घेणं गरजेचं आहे. अमेरिकेत वृद्धांच्या उपचारांचा खर्च मेडिकेअर ही सरकारी योजना उचलते. आजार जितका गंभीर, तितके रुग्णालयाला जास्त पैसे. कंपनीने साधा आजार गंभीर दाखवून जास्त पैसे उचलले. गरज नसलेल्या चाचण्यांची बिलं लावली. सरकारला दाखवायचे खर्चाचे तक्ते वेगळे आणि घरात ठेवायचे वेगळे, असा दुहेरी कारभार केला. रुग्ण पाठवावेत म्हणून डॉक्टरांना आडवाटेने लाभ दिले. आपल्याकडे याला 'कट' म्हणतात आणि तो शब्द पुण्या-मुंबईतल्या कुठल्याही दवाखान्याच्या बाकावर कळतो.

कंपनीने पुढे १४ गंभीर गुन्हे कबूल केले. दंड, भरपाई आणि तडजोडी धरून सरकारला दिलेली रक्कम १७० कोटी डॉलरवर गेली. आरोग्यक्षेत्रातल्या फसवणुकीचं देशाच्या इतिहासातलं हे सर्वांत मोठं प्रकरण असल्याचं २००३ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागानेच जाहीर केलं.

स्कॉट यांच्यावर व्यक्तिशः कधीही आरोपपत्र दाखल झालं नाही. हे स्पष्ट सांगायलाच हवं. जाताना मात्र त्यांच्या नावावर ३० कोटी डॉलरहून अधिक किमतीचे शेअर होते.

आणि २००० साली, कंपनीशी संबंधित एका दिवाणी दाव्यात त्यांची जबानी झाली, तेव्हा ते ७५ वेळा गप्प राहिले. अमेरिकी राज्यघटनेच्या पाचव्या दुरुस्तीनुसार कुणालाही स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. आपल्या घटनेच्या कलम २० मध्येही हे संरक्षण आहे. आरोपीच्या पिंजऱ्यापर्यंत ओढल्या जाऊ शकणाऱ्या सामान्य माणसासाठी हा हक्क फार मोलाचा आहे आणि स्कॉट यांनाही तो होताच.

पण कोर्टात गप्प राहण्याचा हक्क मतदारापुढे चालत नाही. कोर्टात गुन्हा सिद्ध करण्याचं ओझं सरकारवर असतं. प्रचारात विश्वास सिद्ध करण्याचं ओझं उमेदवारावर असतं. "मी मोठी कंपनी चालवली, म्हणून राज्य चालवू शकतो" असं म्हणणाऱ्याने ती कंपनी कशी चालवली, हे सांगितलंच पाहिजे. कारण तेवढंच तर त्याचं प्रगतिपुस्तक आहे.

*

२०१० च्या प्रचारात स्कॉट यांनी घरचे सुमारे ७ कोटी ३० लाख डॉलर ओतले. पक्षांतर्गत लढतीत राज्याचे ॲटर्नी जनरल बिल मॅक्कोलम यांना हरवलं. मुख्य लढतीत समोर ॲलेक्स सिंक होत्या. त्याही मोठ्या बँकेत उच्चपदावर काम केलेल्या, राज्याच्या वित्तप्रमुख म्हणून निवडून आलेल्या. म्हणजे व्यवस्थापनाचा अनुभव दोघांकडेही होता. त्यातल्या एकीने तर लोकांच्या तिजोरीचा हिशेब चार वर्षं सांभाळून दाखवला होता.

स्कॉट जिंकले. फरक ६१ हजार ५५० मतांचा. सुमारे १ कोटी ८८ लाख लोकसंख्येच्या राज्यात हा फरक केसाएवढा.

"स्वतःचा पैसा आहे, तो कशाला खाईल" याचं उत्तर इथेच मिळतं. स्वतःचा पैसा असलेला माणूस देणगीदारांचा मिंधा नसतो, हे खरं. पण तो पैसा आला कुठून, हे विचारायला लोक लाजतात आणि टीव्हीवर रोज दिसणाऱ्या जाहिरातींच्या माऱ्यात तो प्रश्न वाहून जातो. पैसा उमेदवाराला मिंधेपणापासून वाचवतो. प्रश्नांपासूनही वाचवतो. आपण पहिली गोष्ट मोजतो आणि दुसरी विसरतो.

*

प्रचारात स्कॉट यांनी कंपनीत जे झालं त्याची प्रमुख म्हणून जबाबदारी घेतो, असं म्हटलं होतं. हे वाक्य मी गंभीरपणे घेतो. म्हणूनच ते वर्दीच्या मापाने मोजायला हवं. कारण वर्दीही त्यांनीच प्रचारात आणली होती.

नौदलात जबाबदारीचा अर्थ काय असतो?

१७ जून २०१७. जपानजवळच्या समुद्रात अमेरिकी नौदलाची 'फिट्झजेराल्ड' ही विनाशिका रात्रीच्या अंधारात एका मालवाहू जहाजावर आदळली. सात नौसैनिक गेले. कॅप्टन त्या वेळी आपल्या खोलीत झोपलेला होता. सुकाणूवर दुसरे होते, पहाऱ्यावर दुसरे होते. तरी कॅप्टनला पदावरून काढलं. दोनच महिन्यांनी सिंगापूरजवळ 'जॉन मॅक्केन' या विनाशिकेची टक्कर झाली, दहा जण गेले. त्या आठवड्यात अख्ख्या सातव्या आरमाराच्या प्रमुखालाच हटवलं. तो तर त्या वेळी त्या जहाजावर नव्हताही.

आता आपल्या किनाऱ्यावर या. ऑगस्ट २०१३ मध्ये मुंबईच्या नौदल गोदीत 'सिंधुरक्षक' पाणबुडीत स्फोट झाले आणि १८ जण गेले. त्यानंतर लहानमोठे अपघात होतच राहिले. २६ फेब्रुवारी २०१४ ला मुंबईपासून दूर समुद्रात 'सिंधुरत्न' पाणबुडीत धूर कोंडला. दोन अधिकारी गेले. त्याच दिवशी नौदलप्रमुख ॲडमिरल डी. के. जोशी यांनी राजीनामा दिला. पाणबुडीच्या बॅटऱ्या त्यांनी लावल्या नव्हत्या. त्यांची चूक असल्याचं कुणी सिद्धही केलं नव्हतं. कार्यकाळ बराच शिल्लक होता. पण आरमार माझ्या हाताखाली आहे, तर जबाबदारीही माझी, एवढाच त्यांचा हिशेब होता.

याच जोशींना २०१७ मध्ये अंदमान-निकोबारचे नायब राज्यपाल नेमलं गेलं. ती नेमणूक होती, निवडणूक नव्हती. तरीही, सेनेतून राज्यकारभाराकडे जायचं तर असं जावं, असं मला वाटतं. आधी हिशेब चुकता, मग नवी खुर्ची.

वर्दीचा खरा धडा हा आहे. ताठ चालणं, कडक इस्त्री, सकाळी पाचला उठणं, या तिच्या सवयी. तिचा धर्म एकच : माझ्या नजरेखाली जे घडलं ते माझं, मी झोपलेलो असलो तरी माझं. आपण सवयींवर भाळतो आणि धर्म तपासायला विसरतो.

जबाबदारी घेतली म्हणजे काहीतरी सोडावं लागतं. ॲडमिरलनी आरमार सोडलं. कंपनीच्या प्रमुखाने खुर्ची सोडली, पण ३० कोटींचे शेअर सोबत नेले. दोघांनीही राजीनामाच दिला. शब्द एक, किंमत वेगळी.

*

बरं, निवडून आल्यावर काय झालं? इथेही न्यायाने बोलू.

स्कॉट यांचं मुख्य आश्वासन ७ वर्षांत ७ लाख नोकऱ्यांचं होतं. ते आले तेव्हा फ्लोरिडातली बेकारी ११ टक्क्यांच्या आसपास होती. आठ वर्षांनी गेले तेव्हा ती ४ टक्क्यांच्या खाली होती. याच काळात सगळा देश मंदीतून वर येत होता, म्हणून सगळं श्रेय त्यांचं नाही. पण काहीच श्रेय नाही, असंही नाही.

२०११ मध्ये त्यांनी टँपा ते ऑर्लँडो वेगवान रेल्वेसाठी मंजूर झालेले केंद्राचे सुमारे २४० कोटी डॉलर परत पाठवले. राज्यावर पुढे बोजा पडेल, हा त्यांचा हिशेब. कंपनीचा प्रमुख असाच विचार करतो : तोट्याची शाखा उघडू नका. पण राज्याने बांधलेल्या रस्त्याचा, शाळेचा, रेल्वेचा नफा राज्याच्या वहीत दिसत नाही. तो लोकांच्या वाचलेल्या वेळेत आणि वाढलेल्या रोजगारात दिसतो. ताळेबंद वाचायला शिकलेल्या डोळ्यांना तो रकाना सापडत नाही.

त्याच वर्षी आणखी एक कायदा झाला. रोख सरकारी मदत मागणाऱ्या गरीब कुटुंबांतल्या अर्जदारांची अमली पदार्थांसाठी चाचणी. ती चार महिने चालली. ४ हजार ८६ जणांची तपासणी झाली, दोषी निघाले १०८. शंभरात तिघेही नाहीत. पुढे न्यायालयांनी हा कायदा घटनाबाह्य ठरवला.

या ठिकाणी माझा राग आवरत नाही. सरकारी वसाहतीत वाढलेला आणि सरकारी मदतीवर शिकलेला मुलगा गव्हर्नर होतो, आणि त्याचं सरकार मदत मागणाऱ्या आईच्या हातात लघवीची बाटली देतं. सरकारी पैशावर खरोखर डल्ला मारला गेला होता तो रुग्णालयांच्या बिलांतून, कोट्यवधी डॉलरचा. संशय मात्र घेतला गेला तो भाड्याला पैसे नसलेल्या बाईवर.

*

सप्टेंबर २०१७. इर्मा वादळ. इथे स्कॉट यांच्यातला नौसैनिक दिसला. वेळेत इशारे दिले, लाखो लोकांना हलवायला लावलं, नॅशनल गार्डचे सगळे सात हजार जवान तयार ठेवले. संस्थांच्या प्रमुखांना स्वतःचा फोन नंबर दिला : अडलं तर थेट कळवा.

हॉलिवूड नावाच्या फ्लोरिडातल्याच शहरातल्या एका वृद्धाश्रमाची वातानुकूलन यंत्रणा वादळात बंद पडली. तिथल्या लोकांनी त्या नंबरवर निरोप ठेवले. उकाड्यात म्हातारी माणसं तळमळत राहिली. १२ जणांच्या मृत्यूचा संबंध त्या उष्णतेशी जोडला गेला. रस्त्यापलीकडेच वीज असलेलं रुग्णालय होतं. ठेवलेले निरोप नंतर पुसले गेले. निरोप संबंधित खात्यांकडे पाठवले होते, असं गव्हर्नरांच्या कार्यालयाने सांगितलं.

दोष त्या आश्रमाच्या व्यवस्थेचाही होता. पण कंपनी आणि राज्य यांतला फरक मला त्या नंबरात दिसतो. कंपनीत प्रमुखाने फोन नंबर दिला, की त्याला मनमिळाऊ माणूस म्हणतात. राज्यात प्रमुखाने नंबर दिला, की ते वचन होतं. त्या नंबराच्या पलीकडे रात्री दोन वाजता कुणीतरी जागं असावं लागतं.

स्कॉट यांनी पुढे वृद्धाश्रमांना जनरेटर सक्तीचा केला. फेब्रुवारी २०१८ मध्ये पार्कलंडच्या शाळेत १७ जण गोळीबारात मारले गेले. त्यानंतर महिन्याच्या आत त्यांनी बंदूक खरेदीचं वय २१ वर नेणाऱ्या कायद्यावर सही केली आणि आपल्याच पक्षाच्या पाठीशी असलेल्या बंदूक संघटनेचा रोष ओढवून घेतला. बळी गेलेल्या मुलांच्या आईवडिलांनी समोर बसून विचारलं होतं आणि या वेळी त्यांनी उत्तर दिलं. ते मला मोलाचं वाटतं. माणूस उत्तर देऊ शकत होता, हे त्यातून दिसतं. विचारणारे हवे होते.

*

स्कॉट एकटे नाहीत. मेरीलँडचे गव्हर्नर वेस मूर हे अफगाणिस्तानात गेलेले लष्करी अधिकारी, पुढे गुंतवणूक बँकेत आणि मग एका मोठ्या सामाजिक संस्थेचे प्रमुख, डेमोक्रॅट पक्षाचे. मिशिगनचे जॉन जेम्स हे इराकमध्ये अपाची हेलिकॉप्टर चालवलेले, मग घरच्या कंपनीचे प्रमुख झालेले, रिपब्लिकन पक्षाचे. त्यांनी २०२६ च्या गव्हर्नर निवडणुकीसाठी उमेदवारी जाहीर केली. वर्दी आणि कंपनी ही जोडी दोन्ही पक्षांत आहे आणि चांगली माणसंही दोन्हीकडे आहेत. मुद्दा माणसं वाईट असल्याचा नाही. मुद्दा आपण त्यांना काय विचारतो, हा आहे.

आपल्याकडे हा मोह नाही, असं कुणी समजू नये. १९७१ मध्ये जनरल करिअप्पा ईशान्य मुंबईतून लोकसभेला उभे राहिले आणि हरले. स्वतंत्र भारताच्या पहिल्या भारतीय सेनाप्रमुखाला मुंबईकरांनी नाकारलं. लष्करातून निवृत्त होऊन एअर डेक्कन काढणारे कॅप्टन गोपीनाथ २००९ मध्ये दक्षिण बंगळूरमधून उभे राहिले. स्वस्तात विमानात बसवल्याचं श्रेय त्यांचं होतं. तेही हरले. त्या वेळी मतदारांनी वर्दीला नमस्कार केला आणि मत स्वतंत्र ठेवलं. दोघांना हरवलं ते बरोबर की चूक, यावर वाद घालता येईल. पण मान द्यायचा एका हाताने आणि मत द्यायचं दुसऱ्या हाताने, ही समज बरोबर आहे.

साताऱ्याजवळ अपशिंगे नावाचं गाव आहे, लोक त्याला अपशिंगे मिलिटरी म्हणतात, कारण घराघरांतून माणूस फौजेत. अशा गावांत वर्दीचा आदर कुणी शिकवावा लागत नाही. पण तिथल्याच लोकांना हेही ठाऊक असतं की रजेवर आलेल्या जवानाला सगळे विचारतात : पलटणीत कसा होतास, तुझ्या हाताखालची पोरं काय म्हणतात? हा प्रश्न आदरातूनच येतो. तोच उमेदवाराला विचारायचा असतो.

*

स्कॉट २०१४ मध्ये पुन्हा जिंकले. २०१८ मध्ये सेनेटवर गेले, १० हजार ३३ मतांच्या फरकाने. या तिन्ही निवडणुका निसटत्या. दर वेळी जवळजवळ निम्म्या मतदारांना उत्तर पटलं नव्हतं आणि दर वेळी उरलेल्यांनी उत्तर मागितलं नव्हतं.

म्हणून, उद्या कुणी छातीवर पदकं आणि हातात कंपनीचा ताळेबंद घेऊन दारात आला, तर त्याला बसवा, पाणी द्या. सेवेबद्दल आभार माना. मग दोन प्रश्न विचारा. तुमचं जहाज खडकावर आदळलं, तेव्हा तुम्ही काय केलंत? आणि जहाजावरून उतरताना सोबत काय नेलंत?

ज्याने खरोखर वर्दी अंगी बाणवली आहे, त्याला हे प्रश्न लागणार नाहीत. तो उत्तर देईल. जो गप्प राहील, त्याला एकदाच विचारलं तरी पुरे. पंच्याहत्तर वेळा विचारायची गरज नाही.